चिंचेतले दोन च

पहिली-दुसरीचे वर्ग सोडून दोन दिवसांसाठी इथे आलेल्या शिक्षक भगिनी-बंधूंनो,

मराठीबद्दल व्यासपीठावरून एक वाक्य म्हटले की टाळी ठरलेली: आमची भाषा जशी बोलतो तशी लिहितो, आणि जशी लिहितो तशी वाचतो. पाठोपाठ इंग्रजीची टर. बी-यू-टी बट, तर पी-यू-टी पट का नाही? ‘चुपके चुपके’ (१९७५) मध्ये ड्रायव्हर बनलेला धर्मेंद्र इंग्रजी स्पेलिंगची उलटतपासणी घेतो, त्या प्रसंगाला अजूनही हशा पिकतो. टाळीही रास्त, हशाही रास्त. अडचण एवढीच की ग्रामीण भारतातल्या मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या अहवालात पाचवीतल्या फक्त ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. तो उतारा इंग्रजीतला नव्हता. बहुतेक मुलांपुढे आपापल्या राज्याच्या भाषेतला मजकूर होता, आणि त्या भाषांच्या लिप्या बहुतांशी ब्राह्मीच्या वंशातल्या, म्हणजे देवनागरीच्याच गोत्रातल्या. लिपी इतकी सरळ, तर मुले अडतात कुठे?

सरळ लिपीचा फायदा होतो, याबद्दल वाद नको. त्याची मोजदाद झालेली आहे. फिलिप सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या तेरा भाषांच्या लेखनपद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. पहिले वर्ष संपताना मुले ओळखीचे साधे शब्द किती अचूक वाचतात, हे त्यांनी पाहिले. फिनिश, ग्रीक आणि जर्मन मुले ९८ टक्के, इटालियन आणि स्पॅनिश ९५. फ्रेंच ७९, पोर्तुगीज ७३, डॅनिश ७१. स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुले ३४. ती ७६ पर्यंत पोचली, पण त्यासाठी आणखी एक वर्ष जावे लागले.

यावर लगेच शंका येते: स्कॉटलंडमध्ये मूल पाचव्या वर्षी शाळेत बसते, फिनलंडमध्ये सातव्या, मग हा वयाचाच फरक नसेल कशावरून? डेन्मार्क ही शंका फार वेळ टिकू देत नाही. तिथेही तेव्हा शाळा सातव्या वर्षी सुरू होत असे. डॅनिश आणि स्वीडिश या सख्ख्या बहिणी, शाळांची रीतही बरीचशी सारखी. तरी स्वीडनची मुले ९५ वर आणि डेन्मार्कची ७१ वर. डॅनिश बोलणे बदलत गेले, शब्दांतले आवाज गळत गेले, लिहिणे मात्र जुन्या जागीच राहिले. त्याची किंमत पहिलीतले मूल मोजते.

तरीही दोन देश म्हटले की दोन समाज आले, दोन शाळाव्यवस्था आल्या. म्हणून वेल्समधला एक अभ्यास अधिक मोलाचा ठरतो. उत्तर वेल्समध्ये एकाच परिसरात वेल्श माध्यमाच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. निक एलिस आणि मारी हूपर यांनी २००१ मध्ये दोन्हीकडच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांची तुलना मांडली. परिसर तोच, शिकवण्याची पद्धत तीच, गणितातली गतीही जुळवून घेतलेली. वेल्श लिखाण उच्चाराला धरून चालते. त्या मुलांनी आपल्या भाषेतल्या मजकुराचे ६१ टक्के शब्द बरोबर वाचले, इंग्रजीवाल्यांनी ५२ टक्के. पण आकड्यांपेक्षा चुका बोलक्या होत्या. वेल्श मूल चुकले की तोंडातून भाषेत नसलेलाच शब्द निघे, कारण ते एकेक अक्षर जोडत पुढे चालले होते. इंग्रजी मूल चुकले की दुसराच कुठलातरी खरा शब्द बोले किंवा गप्प बसे. ते अंदाज बांधत होते. शब्द लांब असला की वेल्श मुलाला वेळ जास्त लागे. इंग्रजीत लांबीचा तेवढा प्रभाव दिसला नाही.

या अभ्यासातले आणखी एक निरीक्षण मराठी शिक्षकाने वहीत उतरवून घ्यावे असे आहे. वेल्श मुले त्यांना समजत होते त्यापेक्षा बरेच जास्त मोठ्याने वाचू शकत होती. हे वाचताना नवल वाटत नाही, कारण घडाघडा रामरक्षा वाचणारी सहा-सात वर्षांची मुले आपल्या घराघरांत आहेत. देवनागरी हाती आली की संस्कृतही वाचता येते, अर्थ कळो वा न कळो. तपासणीला आलेला अधिकारी मुलाला उभे करून धडा वाचून घेतो, समाधानाने मान डोलावतो आणि निघून जातो. लिपी जितकी सरळ, तितकी ही फसगत सोपी.

वाचनाच्या जन्मजात अडचणीचे, म्हणजे डिस्लेक्सियाचे, रूपही लिपीप्रमाणे बदलते. जपानमध्ये वाढलेल्या एका इंग्रजीभाषक कुटुंबातल्या सोळा वर्षांच्या मुलाची नोंद ताएको वायडेल आणि ब्रायन बटरवर्थ यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्रजी वाचताना तो पुरता अडखळायचा. जपानी मात्र, काना ही ध्वनिचिन्हे काय नि कांजी ही शब्दचिन्हे काय, समवयस्क जपानी मुलांच्या तोडीने वाचायचा. मुलगा एकच, मेंदू एकच. त्यानंतर दोनच वर्षांनी एराल्दो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज डिस्लेक्सियाग्रस्तांच्या मेंदूची वाचनाच्या वेळची प्रतिमा तपासली. मेंदूतला फरक तिघांतही त्याच जागी सापडला, पण प्रत्यक्ष वाचनात इटालियन बरेच पुढे होते. सरळ लिपीत डिस्लेक्सिया नाहीसा होत नाही. तो चुकांऐवजी संथपणाच्या रूपाने दिसतो. आपल्याकडे त्याचा परिणाम असा की इंग्रजी माध्यमातल्या मुलाची अडचण चुकांमुळे लवकर उघडी पडते. मराठी माध्यमातले तसेच मूल ‘जरा हळू आहे’ या शेऱ्याखाली दहावीपर्यंत जाते.

आता घरची गोष्ट. मराठी खरोखर लिहिल्याप्रमाणे वाचली जाते का? ‘चिंच’ मोठ्याने म्हणून पाहावे. पहिला च ‘चहा’तला, दुसरा ‘चमचा’तला. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत झ बदलतो. ‘चार रुपये’ आणि ‘गुरांना चार’ यांत च वेगळे. ‘जरा थांब’ मधला ज आणि म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’ मधला ज एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. अनुस्वार तर बहुरूपीच: ‘अंक’मध्ये ङ्, ‘अंत’मध्ये न्, ‘आंबा’मध्ये म्, आणि ‘संशय’ किंवा ‘सिंह’ म्हणताना नाकातून व डोकावतो. ‘कळप’मधला ळ पूर्ण, ‘कळपात’ म्हटले की त्यातला अ गळतो. पहिलीतले मूल ब-स-ला असे तीन पूर्ण तुकडे वाचते आणि क्षणभराने स्वतःच ‘बसला’ म्हणते.

त्या क्षणभरात काय घडते, यावर बरेच अवलंबून आहे. मुलाने कच्चा उच्चार केला, तो कानावर पडला, ओळखीचा शब्द आठवला आणि उच्चार दुरुस्त झाला. म्हणजे अक्षर आणि ध्वनी यांचा मेळ लिपी अर्धाच घालते. उरलेला अर्धा मुलाच्या कानात आधीपासून असलेली भाषा घालते. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला हा अर्धा फुकट मिळतो. ज्याच्या घरी कातकरी किंवा वारली बोलतात त्याला तो अर्धवट मिळतो. मेळघाटातल्या कोरकू मुलाची घरची भाषा तर मुंडा कुळातली, मराठीशी नात्याचीही नाही. त्याने ब-स-ला वाचले तर त्याला दुरुस्त करायला कानात कोणी नसते. मराठी सरळ आहे, हे विधान अशा वेळी तपासून घ्यावे लागते: कोणासाठी सरळ?

दुसरी अडचण संख्येची. फिनिश मुलाला वीस-बावीस अक्षरे आणि त्यांचे ध्वनी समजले की वाचनाचा दरवाजा उघडतो. दोन-तीन महिन्यांचे काम. मराठीत तीसहून अधिक व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी (आता ॲ आणि ऑ धरून चौदाखडी), म्हणजे साडेतीनशेच्या वर आकृत्या, आणि जोडाक्षरे अजून सुरूही झालेली नाहीत. एकटा र पाहा: प्र, ट्र, र्क, ऱ्य. ‘आचार्यांना’ बोलावले की शिक्षक येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावले की स्वयंपाकी. नियम प्रत्येक ठिकाणी आहे, आणि तो बव्हंशी पाळलाही जातो. पण नियमितपणा ही एक गोष्ट आणि थोडकेपणा दुसरी. युरोपातल्या संशोधनात त्या दोन्ही हातात हात घालून येतात, म्हणून त्यांतला फरक तिकडे फारसा जाणवला नाही. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये मांडला, तेव्हा अक्षरे शिकण्याचे काम चौथीपर्यंत चालूच असल्याचे दिसले. शब्दातले सुटे ध्वनी वेगळे काढण्याची जाणीवही इंग्रजी मुलांच्या मानाने उशिरा येते, असेही आढळले. ती उशिरा येणार हे ओघानेच आले: ज्या मुलाला ‘क’ हा अखंड मिळाला, त्याला त्यातला क् सुटा करण्याची गरज जोडाक्षरापाशी पडते.

ऱ्हस्व इकाराचा मान वेगळाच. तो लिहायचा आधी, बोलायचा नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात अशा शब्दांना वेळ जास्त लागत असल्याचे दाखवले. ‘किती’ वाचताना बोट उलटे का फिरते, हे पहिलीच्या बाईंना त्यासाठी शोधनिबंध न वाचताही माहीत असते.

म्हणून इंग्रजीसाठी घडवलेल्या फोनिक्सच्या पद्धती मराठी वर्गात जशाच्या तशा उतरवण्याची सध्याची हौस अनाठायी वाटते. वाचनावरचे बहुतेक संशोधन इंग्रजीवर बेतलेले आहे आणि इंग्रजी हीच या बाबतीत सर्वांत वेगळी पडणारी भाषा आहे, ही तक्रार डेव्हिड शेअर यांनी २००८ मध्येच नोंदवली. दुसरे टोक म्हणजे अ ते ज्ञ पाठ, मग बाराखडी पाठ, मग जोडाक्षरे, आणि हे सगळे संपेपर्यंत हातात गोष्टीचे पुस्तक नाही. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मराठी-कन्नड वाचनलेखनाचा दीर्घ अभ्यास झाला; त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. लिपी शिकवण्याच्या या पायऱ्यांत अर्थपूर्ण वाचन हरवते, हे त्यातले गाऱ्हाणे प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात वाचले जावे. त्याच्या कितीतरी आधी फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवला होता. मोजकी अक्षरे, एखादी मात्रा, आणि तेवढ्यातूनच बनणारे शब्द-वाक्ये असा त्यांचा मार्ग. मूल सुरुवातीपासून काहीतरी खरे वाचते.

लेखनाचा हिशेब निराळा. ‘दिन’ आणि ‘दीन’ वाचायला कोणाचे काही अडत नाही; ऐकून लिहायला मात्र दोन्ही सारखेच अवघड, कारण बोलण्यात फरक उरलेला नाही. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी हा प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच न ठेवता सोडवला होता. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले आणि ‘नांव’, ‘घरांत’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पुढे १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. अनुस्वार गेल्याने भाषा बुडेल अशी हाकाटी तेव्हा झाली. भाषा तरली, मुलांचे ओझे कमी झाले.

मग ‘चमचा’तल्यासारख्या दंततालव्य च-ज-झ यांच्याखाली टिंब देऊन टाकावे का? अशी सूचना अधूनमधून येते. इंग्लंडने याहून मोठा प्रयोग करून पाहिला आहे. पिटमन लघुलेखन पद्धतीचे जनक आयझॅक पिटमन यांचे नातू जेम्स पिटमन यांनी नवशिक्यांसाठी चाळीसहून अधिक चिन्हांची उच्चारानुसारी वर्णमाला केली आणि १९६० च्या दशकात ती अनेक शाळांत वापरली गेली. मुले भराभर वाचू लागली. नंतर नेहमीच्या स्पेलिंगकडे वळताना बरीचशी कमाई हातची गेली आणि प्रयोग विरला. चिंचेला टिंबाची गरज नाही. घरी चिंच खाल्लेल्या मुलाला दोन्ही च येतात.

या परिषदेला करता येण्याजोगी कामे त्यामुळे साधी आहेत. चौथी संपेपर्यंत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला गुण कापू नयेत, असा ठराव तिने करावा. लाल शाई कमी झाली तर लिहिणारी मुले वाढतील. बालसाहित्यात कोणते अक्षर किती वेळा येते याची मोजणी करून शिकवण्याचा क्रम ठरवावा. ‘ञ’ आणि ‘ङ’ यांना पहिल्या वर्षी काय काम? आणि वाचनाची एक मराठी चाचणी तयार करावी. तिच्यात अचूकपणाबरोबर वेगही मोजला जावा, म्हणजे ‘जरा हळू’ मुले वेळेत सापडतील, आणि उतारा समजला की नाही हेही त्याच बैठकीत विचारावे.

चाचणीचा कच्चा मसुदा दुपारच्या सत्रात चर्चेला आहे. त्यातली शब्दयादी शहरात बसून केली आहे, हे पहिल्या दहा शब्दांतच कळते. वाडा, मेळघाट आणि अक्कलकुव्याहून आलेल्या शिक्षकांनी ती निःसंकोच खोडावी, आणि आपल्या वर्गातल्या मुलांच्या तोंडचे शब्द तिच्या समासात लिहावेत.