पावलांकडे पाहणारे वैद्यक



वार्षिक स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्याने विद्यार्थ्यांना उंच शिखरांकडे पाहण्यास सांगावे असा प्रघात आहे. आजच्या भाषणाचा विषय मात्र पाऊल आणि घोटा हा आहे, आणि क्रीडास्पर्धा नुकत्याच संपलेल्या असल्याने या सभागृहात दोन-चार मुरगळलेले पाय निश्चितच असतील, हे लक्षात घेता तो अगदीच अस्थानी ठरू नये.

मानवी पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात. नडगीचे हाड, तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड आणि टाचेच्या हाडावर बसलेले टॅलस नावाचे हाड यांच्या जोडणीतून घोटा बनतो, आणि हाडाला हाडाशी बांधणारे जे तंतुमय पट्टे, म्हणजे अस्थिबंध, तो सांधा सावरून धरतात, त्यांपैकी बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध पाय आत वळून पडल्यास सर्वाधिक ताणले जातात. अशा वेळी गरम तेलाने जोरात चोळण्याची किंवा कोणाकडून तरी पाय ओढून 'बसवून' घेण्याची घरोघरची रीत हाड मोडलेले असल्यास फार महागात पडते. कॅनडातील ओटावा येथे तयार झालेल्या आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी हा निर्णय पुष्कळ सोपा केला आहे: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांपैकी कोणत्याही एकाच्या मागच्या कडेवर, खालच्या 6 सेंटिमीटरांत, हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि पुढे तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर घोट्याचे क्ष-किरण चित्र काढावे.

तथापि पायाच्या विशेष उपचारांचा खरा इतिहास क्रीडांगणावर घडलेला नाही. तो कुष्ठरोग्यांच्या वस्त्यांत घडला, आणि त्याचा मोठा भाग भारतात घडला. तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत 1914 मध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले, तेव्हा कुष्ठरोगात बोटे आपोआप 'झडतात' अशी सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निरीक्षणांतून वेगळेच सत्य पुढे आले: रोगाने मज्जातंतू निकामी होतात, वेदना नाहीशी होते, आणि मग खिळा, खडा किंवा घट्ट चपलेचा पट्टा रोज त्याच जागी रुतत राहिला तरी माणूस लंगडत नाही, पाऊल वेगळ्या रीतीने टाकत नाही, चालतच राहतो, आणि त्या अखंड दाबाने मांस नासते. वेदना ही शरीराची राखणदार आहे, हा बोध येथून वैद्यकाला झाला, आणि उपचारांचे स्वरूपही पालटले. मऊ रबराच्या तळाच्या चपला आणि जखमेवरचा भार साऱ्या तळव्यावर वाटून देणारे प्लास्टर ही साधी दिसणारी साधने औषधांच्या बरोबरीला आली.

ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तळव्याची संवेदना मोजण्यासाठी वापरला जाणारा नायलॉनचा बारीक धागा, जो वाकेपर्यंत त्वचेवर 10 ग्रॅमचा दाब देतो, त्याचे ते प्रमाण कार्व्हिलच्याच संशोधकांनी 1986 मध्ये मांडले. ज्याला हा स्पर्श कळत नाही, त्याचे पाऊल धोक्यात आहे असे समजले जाते. हा धागा आज मुख्यतः मधुमेहींच्या पायांना लावला जातो, आणि म्हणूनच त्याची हकिकत आज येथे, मिठाईच्या शौकीन इंदूरमध्ये, सांगणे आवश्यक ठरते.

आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख आहे. (मध्यरात्री इंदूरच्या सराफा बाजारात रबडीच्या दुकानापुढे जी गर्दी असते, तिच्यापुढे हा आकडा वाचून दाखवण्याचे धैर्य कोणत्याही वक्त्याने करू नये.) दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात आणि पुष्कळदा रक्तवाहिन्याही अरुंद होतात, त्यामुळे जखम कळत नाही आणि झालेली भरत नाही, त्यात जंतुसंसर्ग झाला की प्रकरण पाय कापण्यापर्यंत जाते. काही रुग्णांत तर न कळत मोडलेली हाडे ढासळून पावलाची कमानच कोसळते, आणि सुजलेला, गरम, पण फारसा न दुखणारा असा तो पाय मुरगळला असेल म्हणून दुर्लक्षिला जातो. या अवस्थेला, सांध्यांच्या अशा ऱ्हासाचे वर्णन 1868 मध्ये करणाऱ्या फ्रेंच वैद्याच्या नावाने, शार्को पाऊल म्हणतात.

मधुमेहींच्या पायांवरील या संकटाचा सामना मराठी मुलुखातूनही झाला आहे. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात परदेशी सहकाऱ्यांसह 'स्टेप बाय स्टेप' हा प्रशिक्षणक्रम उभारला, ज्यात डॉक्टर आणि परिचारिका अशी जोडी एकत्र शिकते, कारण शस्त्रक्रिया डॉक्टर करीत असला तरी घट्टा खरवडणे, नखे कापणे आणि पादत्राण तपासणे हे परिचारिकेचे काम रोजचे असते.

बालकांच्या पावलांच्या बाबतीत चित्र अधिक आशादायक आहे. जन्मतःच आत वळलेले पाऊल, ज्याला क्लबफूट म्हणतात, ते इग्नासिओ पोन्सेटी या अस्थिशल्यचिकित्सकाच्या पद्धतीने दर आठवड्याला बदललेल्या प्लास्टरांनी आणि बहुधा टाचेच्या शिरेवरील एका छोट्या छेदाने सरळ होते. मात्र पुढे चार-पाच वर्षे रात्री विशिष्ट बूट घालावे लागतात, आणि मूल चालू लागले की पालक ते नेमके सोडून देतात. पालघर येथून 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाची तपासणी समाविष्ट आहे.

इंग्लंड-अमेरिकेत पावलांच्या चिकित्सेची, म्हणजे पोडियाट्रीची, स्वतंत्र पदवी घेऊन व्यवसाय करणारा मोठा वर्ग आहे. भारतात ते काम अद्याप अस्थिरोगतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ, रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक आणि पादत्राणे बनवणारे कारागीर यांच्यात विखुरलेले आहे. ज्या शहरात 1948 पासून महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे, त्या शहराने ही माणसे एका छताखाली आणण्याची अपेक्षा ठेवणे गैर नाही. त्याचे निमित्तही समोर आहे. उज्जैनचा पुढचा सिंहस्थ कुंभमेळा 2028 मध्ये भर उन्हाळ्यात येत आहे; तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणाऱ्या बधिर पायाला भाजल्याचे कळत नाही, फोड दिसतो तो मुक्कामी परतल्यावर. हे स्नेहसंमेलन भरवणाऱ्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने त्याआधी तो नायलॉनचा धागा वापरण्याचे प्रशिक्षण वैद्यकीय महाविद्यालयाकडून घ्यावे आणि यात्रेला निघणाऱ्या आजी-आजोबांचे तळवे इंदूरमध्येच तपासून द्यावेत, अशी विनंती या व्यासपीठावरून करण्यात येत आहे.