काचेच्या वाड्यातली माणसं

मागच्या हिवाळ्यात प्रदर्शनासाठी आम्ही पाचजणी मुंबईला बांद्रा-कुर्ला संकुलात गेलो होतो. ज्वारीच्या पापड्या, जवसाची चटणी घेऊन. तिथं जे पाहिलं ते आज सांगतो.

ही जागा म्हणजे मिठी नदीकाठची दलदल. १९७७ साली तिचं नियोजन एमएमआरडीएकडे आलं. भराव पडला, आणि वर पैशाचं गाव वसलं. एनएसईचा शेअर बाजार तिथं, त्याच्यावर लक्ष ठेवणारी सेबी तिथं, हिऱ्यांचा बाजार तिथं. नाबार्डचं मुख्य कार्यालयही तिथंच. १९९२ साली ५०० बचतगट बँकांना जोडायचं काम याच नाबार्डनं सुरू केलं, म्हणजे आपल्या वहीचा धागा तिथवर जातो.

रस्ते ऐसपैस, पण टेकायला पार नाही की ओटा नाही. गाडी तळघरात शिरते, तिथून लिफ्टनं साहेब थेट वर. खिडक्या उघडत नाहीत. गळ्यात ओळखपत्र नसेल तर दारातूनच परत. झाडलोट करणाऱ्या बाया कुर्ला स्टेशनावरून रिक्षात दाटीवाटीनं येतात, त्यांची साहेबांशी गाठ पडत नाही. जेवायला, चहाला, बोलायला पुन्हा आपल्यासारखीच माणसं. मग जग एवढंच आहे असं वाटायला लागतं. आपल्याकडं सावकाराच्या वाड्याचं जोतं उंच असायचं, पण निदान तो ओसरीवर बसून समोरच्याचा चेहरा तरी बघायचा!

माणसं वाईट नाहीत हो. एका बँकेतली बाई रोज दुपारी चटणीला यायची. म्हणाली, "कर्जाचे अर्ज मीच बघते. पण कर्जदार कधी पाहिला नाही. संगणकावर लाल दिसलं की नाही म्हणायचं."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाचा वाढीव कर्जाचा अर्ज असाच परत आला होता. का, ते शाखेतल्या साहेबालाही सांगता आलं नव्हतं. त्या वर्षी दोघींनी बी-बियाण्याला दागिने गहाण टाकले, एकीचे अजून सुटलेले नाहीत.

आमच्यातली एक बोललीच, "ताई, ऑगस्टात आमचा आकडा लालच असणार. सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर निघतं."

तिनं चटणीच्या पुडीवरच ते लिहून घेतलं. आम्ही तिला गटाच्या सभेला बोलावलं. सुट्टी मिळाली तर येते म्हणाली. सभा दर महिन्याच्या पाच तारखेला असते, हे आम्ही तिला दोनदा सांगितलं.