हिशोब विचारणारी ग्रामसभा



 राजकीय भ्रष्टाचाराची कारणे आणि परिणाम या विषयावरची परिषद आमच्या भोंगवली गावात भरते आहे, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

अधिकाराच्या गैरवापराचे जुने उदाहरण आपल्याच भोर तालुक्यातल्या रांझे गावचे. १६४६ साली तिथल्या पाटलाने एका स्त्रीची अब्रू घेतली. शिवरायांनी शहानिशा करून त्याचे हातपाय तोडवले, पाटीलकीही काढून घेतली. शिक्षा त्या काळाची होती; पण अधिकार रयतेसाठी असतो, हा दंडक या मातीने तेव्हाच पाहिला.

पुढे मात्र हा दंडक विसरला गेला. एके काळी आपल्या राज्यात सिमेंटची टंचाई होती, वाटप सरकारच्या हाती होते. सिमेंटचा कोटा आणि मुख्यमंत्री अंतुले यांच्याशी संबंधित ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध न्यायमूर्ती लेंटिन यांनी १९८२च्या निकालात दाखवला आणि अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. टंचाई, एकहाती अधिकार आणि बंद दाराआडचा निर्णय एकत्र आले, की भ्रष्टाचाराला वाट मोकळी होते.

आज त्यात निवडणुकीच्या खर्चाची भर पडली आहे. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे फिरतात, जेवणावळी उठतात. हा पैसा पुढे टक्केवारीतून वसूल होतो. अंदाजपत्रकात डांबराची जाडी एक, रस्त्यावर दुसरी. मोजमाप पुस्तिकेत मात्र सगळे चोख. बिल निघते आणि पहिल्याच पावसाळ्यात खडी उघडी पडते. त्या रस्त्याने बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या घराला त्याची किंमत विचारा. त्याहून मोठे नुकसान मनाचे आहे. वशिल्यावाचून काम होत नाही, हे पोरांच्या मनात पक्के बसते आणि सज्जन माणूस उमेदवारी अर्ज भरायलाच धजत नाही.

मित्रहो, साधने आपल्या हातात आहेत. लोकायुक्तांचा कायदा महाराष्ट्राने १९७१ सालीच केला. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने राज्यात माहितीच्या अधिकाराला बळ मिळाले. २००५ साली तो देशभर लागू झाला. पण माहिती मागणारा एकटा पडला, तर त्याच्यावर दबाव येतो. त्याच्या मागे गाव हवे, आणि गावाची जागा ग्रामसभा आहे. तिथे गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, मग घरोघरी वही फिरवून सह्या घेतल्या जातात. ही सही करणे आपण थांबवू. सभेला बसू, अंदाजपत्रक वाचायला मागू, महिला सभेचे ठराव इतिवृत्तात उतरवून घेऊ. आणि मताचे पाकीट दारातूनच परत करू, कारण ते घेतलेल्या हाताला हिशोब मागता येत नाही.

आजच्या चर्चेतून प्रत्येक गावाने एक तरी ठराव घेऊन जावे, ही विनंती.