थंड प्रदेशातील परसबागेत ग्राउंड चेरी

पावसाळ्यात शेताच्या बांधावर आणि पडीक जमिनीत उगवणारी चिरबोटी श्रोत्यांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. काही भागांत तिला पोपटी असेही म्हणतात. कागदी कंदिलासारखा फुगीर कोश आणि त्याच्या आत एकच गोल फळ, ही तिची खूण होय. शेतकऱ्याच्या लेखी ती तण असते. रानात फिरणारी मुले मात्र तिची पिकलेली फळे आवडीने शोधून खातात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात मूळची असलेली ग्राउंड चेरी ही याच प्रजातीतील एक जाती. नावात चेरी असली तरी चेरीच्या झाडाशी तिचा संबंध नाही. ती टोमॅटो आणि वांग्याच्या कुळातील आहे. फळ पिकत आले की कोशासकट जमिनीवर गळून पडते, म्हणून हे नाव. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन वंशाच्या शेतकरी कुटुंबांत या फळाची गोड भरलेली पाय करण्याची जुनी चाल आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन यांसारख्या थंड राज्यांत या झाडाचा खरा शत्रू कीड नव्हे, दिनदर्शिका आहे. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत एखाद्या रात्री दव गोठते, तर त्याची वार्ता होते. तिकडे या राज्यांच्या दक्षिण भागातसुद्धा मेच्या मध्यापर्यंत दव गोठण्याचे भय असते, आणि सप्टेंबर संपता संपता ते पुन्हा दाराशी येते. मधल्या साडेचार महिन्यांत रोप, फूल आणि फळ हे सारे उरकावे लागते. ग्राउंड चेरीला तर ऊब फार लागते. मे अखेरीस बी थेट वाफ्यात टाकले, तर थंड मातीत ते उगवायलाच दोन-तीन आठवडे घेते. पुढे रोप सशक्त होण्यास सहा-सात आठवडे आणि फळ येण्यास सुमारे सत्तर दिवस धरले, तर पहिले फळ हाती यायला ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे थंडी आधी पोहोचते.

यावर उपाय एकच: झाडाला आरंभीचे दिवस घरातून उसने द्यायचे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बी घरातच उथळ कुंड्यांत पेरतात. बी अगदी बारीक असते, त्यावर मातीचा पातळ थर पुरे. कुंडीतील माती २५ अंश सेल्सियसच्या आसपास उबदार राहिली, तर उगवण चांगली होते. उगवलेल्या रोपांना भरपूर उजेड हवा, नाही तर ती लांबट आणि लेचीपेची होतात. बाहेर लावण्यापूर्वी आठ-दहा दिवस ती रोज थोडा वेळ वाऱ्या-उन्हात ठेवून काटक केली जातात. रात्रीचे तापमान १० अंशांच्या वर टिकू लागले की, बहुधा जूनच्या प्रारंभी, लागवड होते. चार दिवसांची घाई येथे नडते. गारठलेले रोप पुढे कित्येक दिवस जागचे हलत नाही.

झाड उंच जात नाही, आडवे पसरते. सबब दोन रोपांत ६० ते ९० सेंटिमीटर अंतर हवे. जागा पूर्ण उन्हाची आणि निचऱ्याची असावी. नत्रखताचा मारा केला, तर पाला माजतो आणि फळ मागे पडते. बुंध्याशी गवताचे आच्छादन फार उपयोगी, परंतु ते माती तापल्यावरच घालावे, कारण थंड मातीवर घातलेले गवत तिचा थंडावाही राखून ठेवते. पानांवर तीन काळ्या पट्ट्यांचा पिवळट भुंगेरा येतो. त्याच्या अळ्या आपलीच विष्ठा पाठीवर वागवून भक्ष्यकांपासून बचाव करतात. पानाखालचे नारिंगी अंडपुंज वेळीच चिरडले, तर परसबागेत फवारणीची गरज सहसा पडत नाही.

ऑगस्टच्या मध्यापासून फळे गळू लागतात. गळणे हीच येथे काढणीची खूण! फळ तोडायचे नसते, एक-दोन दिवसांआड आच्छादनावरून वेचायचे असते. मळेवाल्यांना मात्र हाच गुण परवडत नाही. इवलेसे फळ, पसरट झाड आणि जमिनीवरून वेचण्याची मजुरी, यामुळे मोठ्या शेतीत या पिकाला स्थान मिळाले नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळा आणि बॉइस थॉम्प्सन इन्स्टिट्यूट येथील शास्त्रज्ञांनी जनुक-संपादनाच्या तंत्राने या झाडात बदल घडविल्याचे प्रसिद्ध केले. एका बदलाने फळाचे वजन सुमारे २४ टक्क्यांनी वाढले. बाजार ज्याला दोष म्हणतो तो परसबागेत सोयीचा ठरतो, हे मात्र ध्यानात घेण्याजोगे आहे. आजवर हे पीक टिकले ते बहुतांशी घरोघरी बी राखून ठेवणाऱ्यांमुळे.

कोशासकट फळे हवेशीर, थंड जागी कित्येक आठवडे टिकतात. हिरवट पडलेली फळे घरात काही दिवस ठेवली की सोनेरी पिवळी होतात. तोवर ती खाऊ नयेत. कच्चे फळ, पाने आणि कोश यांत विषारी द्रव्ये असतात. शाळेच्या बागेत हे झाड असेल, तर मुलांना ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे.

रसभरी हीसुद्धा याच प्रजातीची, दक्षिण अमेरिकेतील. तिचे फळ मोठे, पण ती पिकण्यास फार दिवस घेते. त्यामुळे या थंड राज्यांत ती अनेकदा अर्ध्यावरच थंडीत सापडते. ग्राउंड चेरीलाही शेवटची फळे पिकवायला वेळ पुरतोच असे नाही. म्हणून दव गोठण्याच्या आदल्या संध्याकाळी काही बागाईत झाडे मुळासकट उपटून कोठारात उलटी टांगतात आणि खाली कापड अंथरतात. त्यावर पुढेही फळे टपटपत राहतात. त्यांतली चांगली पिकलेली निवडून पाण्यात कुस्करली की गर वर तरंगतो आणि बी तळाशी बसते. ते सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत बांधले की पुढच्या एप्रिलची तरतूद होते.