छोटा ट्रॅक्टर, भरलेली ट्रॉली आणि उतार

(आकाशवाणीवरील शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी खतांविषयी किंवा औषधांविषयी बोलणार नाही. आपल्या दारात उभ्या असलेल्या छोट्या ट्रॅक्टरविषयी बोलणार आहे. द्राक्षबागेत, डाळिंबात, उसाच्या सरीत 18 ते 28 अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर आता गावोगाव फिरताना दिसतो. त्यात चारही चाकांना ओढ असलेला, आपण ज्याला 'फोर व्हील' म्हणतो तो, पुष्कळांनी घेतला आहे. बागेत तो चांगले काम करतो याबद्दल वाद नाही. प्रश्न येतो तो त्याच्यामागे ट्रॉली जोडून आपण रस्त्याला लागतो तेव्हा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भागातील एका बागायतदारांनी शेजाऱ्याची मोठी ट्रॉली मागून आणली आणि छोट्या ट्रॅक्टरला जोडून ओला मुरूम भरला. ट्रॅक्टरचे वजन 900 किलो आणि मागे तीन टनांवर ओझे. टेकाडाचा चढ ट्रॅक्टरने सहज काढला. पलीकडच्या उतारावर मात्र त्यांनी ब्रेक दाबला आणि ट्रॉली थांबेना. तिने ट्रॅक्टरला मागून रेटले, रेटता रेटता आडवी आली आणि कात्रीची पाती मिटावी तशी दोघांची घडी होऊन ट्रॅक्टर चरात गेला. जीव वाचला, पाय मोडला, छाटणीचा हंगाम हातचा गेला. दवाखान्यात ते मला म्हणाले, "साहेब, चढ तर सहज चढला होता हो!"

मंडळी, चूक नेमकी इथेच होते. चढ चढला म्हणजे उतार झेपेल असे नाही. चारही चाकांना ओढ असली की ट्रॅक्टरची पकड वाढते आणि तो जास्त ओझे ओढू शकतो. पण त्यामुळे ट्रॅक्टरचे वजन वाढत नाही. मागचे ओझे रोखायचे असते ते ट्रॅक्टरच्या ब्रेकने आणि त्याच्या अंगच्या वजनाने. साधा हिशेब पाहा. दहा फुटांत एक फूट उतरणारा रस्ता असला, तर तीन टनांची ट्रॉली सुमारे 300 किलोच्या जोराने ट्रॅक्टरला सतत पुढे ढकलत असते. ब्रेक दाबण्याच्या आधीच एवढा रेटा असतो, हे ध्यानात घ्या.

मग किती भरावे? ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपलीकडे जाऊ देऊ नये. 900 किलोच्या ट्रॅक्टरला हे होतात 1350 किलो. त्यात रिकामी ट्रॉली 500 किलोची धरली, तर माल उरला 850 किलो, म्हणजे 20 किलोचे 42 क्रेट. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा दिला असेल, तर तोच पाळा.

"साहेब, मग फेऱ्या किती वाढतील?" असे तुम्ही म्हणाल. फेऱ्या वाढतील हे खरे. फेऱ्या कमी करायच्याच असतील, तर त्याचा मार्ग म्हणजे ब्रेक असलेली ट्रॉली घेणे. काही ट्रॉल्यांचे ब्रेक ट्रॅक्टरच्या ब्रेकबरोबर तेलाच्या दाबाने लागतात. काहींत ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात. ट्रॉली घेताना रंग आणि फाळका पाहण्याआधी ब्रेक पाहा. मात्र ब्रेक असले तरी पुस्तिकेतील मर्यादा ओलांडू नका. वजनाचा अंदाज डोळ्यांनी बांधू नका. एक ब्रास ओली वाळू म्हणजे जवळजवळ पाच टन. ट्रॉलीत ती अर्धीच दिसते आणि आपण फसतो.

दुसरी गोष्ट, माल कुठे भरावा? ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे शिकवायला नको. माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते आणि जू वर उचलते. पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते आणि बैलांचे खांदे मोडतात. दोन चाकी ट्रॉलीचे तसेच आहे. उलार ट्रॉली हूक वर उचलते. त्यामुळे मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली रस्त्यावर शेपटीसारखी झुलू लागते. धुरजड ट्रॉली हूक खाली दाबते. मग ट्रॅक्टरचे तोंड हलके होते आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. भरलेल्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, अशा बेताने माल लावा. जड माल तळाशी आणि चाकांच्या वर, हलका माल पुढे-मागे.

हे वजन घरी मोजता येत नाही, पण वजनकाट्यावर सहज मोजता येते. आधी एकटा ट्रॅक्टर काट्यावर घ्या. मग भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर काट्यावर आणि ट्रॉलीची चाके काट्याबाहेर ठेवा. जेवढा फरक येईल तेवढे वजन हुकावर आहे. त्यानंतर ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर घ्या. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, म्हणजे 900 किलोला 180 किलो. तेवढा नसेल तर पुढे वजने लावा किंवा हुकावरचा भार कमी करा. एकदा मोजून ठेवले की पुढे अंदाज बसतो.

तिसरी गोष्ट, जोडणी. ट्रॉली जोडायची ती कंपनीने दिलेल्या खालच्या हुकालाच. वरच्या लिंकला किंवा आसाच्या वर कुठेही साखळी बांधून ओढू नका. तसे केले तर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि पाठीवर पडतो, आणि तेही इतक्या झटक्यात की पाय क्लचवर जायला वेळ मिळत नाही. हुकात पिन योग्य जाडीची हवी आणि तिला खाली क्लिप हवी. हाताला लागली ती सळई अडकवून निघणे बंद करा. शिवाय एक सुरक्षा साखळी लावा, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली मोकाट सुटणार नाही.

आता प्रत्यक्ष चालवण्याविषयी. डावा आणि उजवा ब्रेक वेगवेगळा दाबता येतो, तो शेतात वळण्यासाठी. रस्त्याला लागण्याआधी दोन्ही पॅडल पट्टीने एकत्र जोडा. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर झटकन फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला उलटवते.

फोर व्हील कधी लावावे याबद्दल बराच गोंधळ आहे. चिखलात, मऊ रानात, कच्च्या चढाला ते लावा. कोरड्या डांबरी सपाट रस्त्यावर काढा. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतात. मऊ जमिनीत ती घसरून जुळवून घेतात, पण डांबरावर घसरायला वाव नसतो. त्यामुळे पुढचे टायर झिजतात आणि गिअरांवर ताण येतो. उतारावर ओझे घेऊन जाताना मात्र ते लावलेलेच बरे. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. फोर व्हील लावले की पुढची चाकेही रोखायला मदत करतात.

उतार लागण्याआधीच थांबून खालचा गिअर टाका. जो गिअर चढाला लागला असता, तोच उताराला वापरा. उतारात क्लच दाबू नका आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच करू नका. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हा नियम कोणाला चुकलेला नाही. ताशी 30 किलोमीटरला एका सेकंदात आठ मीटर जमीन मागे जाते.

बागेत फांद्या लागतात म्हणून चालकाच्या मागची संरक्षक कमान आपण पाडून ठेवतो. रस्त्यावर ती उभी करा आणि पट्टा बांधा. कमान नसेल किंवा पाडलेली असेल, तर पट्टा बांधू नका.

आणि शेवटची, मनापासून सांगायची गोष्ट. संध्याकाळी काम सुटले की बाया-माणसे भरल्या ट्रॉलीवर बसतात, पोरे हुकाच्या दांडीवर उभी राहतात. आपण "चला, बसा" म्हणतो, त्यात आपुलकी असते हे मला ठाऊक आहे. पण ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नसते. दांडीवरून पाय सरकला की पुढे मागचे चाक आणि मागे ट्रॉलीचे चाक. बायांना वेगळ्या गाडीने सोडा. खर्च येतो, पण तो सोसण्याजोगा आहे. गेलेले माणूस मात्र परत येत नाही.

निघण्याआधी एवढे पाहा:

वजन पुस्तिकेतील मर्यादेत आहे का? ट्रॉली उलार किंवा धुरजड नाही ना? पिन, क्लिप, साखळी लावली का? दोन्ही ब्रेक जोडले का? चाकांत हवा पुरेशी आहे का? मागे लाल परावर्तक पट्टी आणि दिवा आहे का? वाटेत चाकाखाली लावलेला दगड निघताना उचलून बाजूला टाकला का?

हे सारे पाहायला पाच मिनिटे पुरतात. आज घरी गेल्यावर ट्रॉलीची पिन तेवढी हातात घेऊन पाहा. झिजलेली असेल, तर उद्याच बदला.