सोडलेले प्रश्न
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल." एआयवर सध्या सगळेच बोलतात. मी परीक्षेवर बोलणार आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कुणीतरी नीट, जेईई नाहीतर सीईटीच्या तयारीला लागलेलं आहे.

चौथीची स्कॉलरशिप आठवते का? मधली काही वर्षं ती पाचवीला आणि आठवीला असायची, आपल्या वेळी चौथीला आणि सातवीला होती. शाळा सुटल्यावर जादा तास असायचे आणि बाई रोज बजावायच्या, "एकही प्रश्न सोडायचा नाही. चुकलं तर चुकलं, मार्क कापत नाहीत." तरी मी बुद्धिमत्तेच्या पेपरात सात प्रश्न सोडून आले. खात्री नव्हती, म्हणून सोडले. माझ्या मागच्या बाकावरच्या मित्रानं मात्र सगळी उत्तरं ठोकून दिली. तो आज इथं पुढच्याच रांगेत बसलाय, नाव घेत नाही. त्याला स्कॉलरशिप मिळाली, मला नाही. तो माझ्यापेक्षा हुशार, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. (हसू नकोस, असशीलही.)

मागच्या दिवाळीला माहेरी, मंगळवार पेठेत आले होते. भाची नीटची तयारी करतेय. तिचा सराव पेपर बघितला, तर १८० पैकी २२ प्रश्न कोरे. मी म्हटलं, "या बावीसची उत्तरं आता पेन्सिलनं लिही, तुला वाटतील ती." तिनं लिहिली. १३ बरोबर आली, ९ चुकली. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलं तर १ वजा. म्हणजे ५२ वजा ९, असे ४३ गुण ही पोरगी डोक्यात ठेवूनच घरी आली होती! का सोडलेस, विचारलं तर म्हणाली, "आत्या, पण चुकलं असतं तर? मायनस बसतं की."

आता इंजिनिअरचा हिशेब ऐका. चार पर्याय आहेत आणि तुम्ही अगदी डोळे झाकून एकावर बोट ठेवलंत. चारांत एकदा ४ गुण मिळतील, तीनदा १ जाईल. चार प्रश्नांत १ गुण फायद्यात, म्हणजे प्रश्नामागे पाव गुण. एक पर्याय नक्की चूक आहे एवढं कळलं, तर प्रश्नामागे सरासरी पाऊण गुणाच्या जवळपास फायदा. दोन पर्याय बाद करता आले, तर दीड गुण. जेईई मेनच्या बहुपर्यायी प्रश्नांनाही हाच नियम आहे. अंदाज मारणाऱ्याच्या हाती शून्य यावं असं ठरवलं, तर ४ गुणांमागे १ नव्हे, १ पूर्णांक १/३ वजा करायला हवेत. म्हणजे नियम अंदाज करणाऱ्याच्या बाजूनं थोडा झुकलेलाच आहे. पण घाबरट पोराला त्यातलं फक्त 'वजा' ऐकू येतं.

वजा गुण ठेवणाऱ्यांचंही म्हणणं खोटं नाही. कुणी नुसतं ठोकत सुटलं, तर पेपर म्हणजे लॉटरी होते. पण ते थांबवायला गेलं की पेपर अभ्यासाबरोबर धाडसही मोजायला लागतो, आणि गुणपत्रिकेत दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात येते. आपल्या राज्याच्या सीईटीत वजा गुण नाहीत. तीच मुलगी, तोच अभ्यास, आणि दोन परीक्षांत माप वेगळं.

हे मी माझ्या भाचीवरून ठरवलेलं नाही. कॅथरीन बाल्डिगा या अमेरिकी संशोधिकेनं २०१४ साली यावर निबंध प्रसिद्ध केला. तिच्या प्रयोगात, चुकीला दंड ठेवला की तेवढीच माहिती असलेल्या मुली मुलांपेक्षा जास्त प्रश्न सोडत होत्या. दंड काढला की कुणीच सोडत नव्हतं. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशानं राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतले वजा गुण काढले, तेव्हा प्रश्न सोडण्यातलं मुलामुलींमधलं अंतर सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं. अमेरिकेच्या सॅट परीक्षेनंही २०१६ मध्ये दंड बंद केला. अर्थात बिचकणारे मुलगेही असतात. माझा भाऊ तसाच, आणि भाची त्याच्यावरच गेलीय.

आता माझी स्वतःची चूक सांगते. आमच्या ऑफिसात नव्या मुलांची लेखी चाचणी असते. एका वर्षी त्यात वजा गुण घालायची सूचना माझीच होती. मला ती फार शास्त्रशुद्ध वाटली होती. पुढं एका वेगळ्या कामासाठी मी जुन्या उत्तरपत्रिका काढल्या. एका मुलीनं सोडवलेले जवळजवळ सगळे प्रश्न बरोबर होते आणि बाकीचा पेपर कोरा होता. आम्ही तिला मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये, खात्री नसताना हात आवरणारं माणूस मला हवंच असतं, आणि माझ्याच चाचणीनं ते दारातून परत पाठवलं. आम्ही वजा गुण काढले. तोवर ती कुठं गेली, कोण जाणे.

कोल्हापुरात हे सांगताना शाहू महाराजांची गोष्ट आठवणारच. सांगलीच्या गणपतराव अभ्यंकरांना महाराजांनी पागेत नेलं आणि सगळ्या घोड्यांची चंदी एकत्र टाकायला लावली, असं सांगतात. दांडगे घोडे तुटून पडले आणि शिंगरं मागं उभी राहिली. ती गोष्ट जातीच्या अन्यायाची, फार मोठी. माझा विषय तिच्यापुढं अगदी लहान. पण चंदी सगळ्यांसमोर सारखीच टाकली होती, एवढं मला तिथून घ्यायचंय.

तेव्हा घरी गेल्यावर मुलांचा सराव पेपर घ्या, त्यांनी सोडलेले प्रश्न पेन्सिलनं सोडवून घ्या आणि शेजारी बसून गुण मोजा. ओरडू नका. भाचीशी आम्ही हे दर रविवारी फोनवर करतो. परवा म्हणाली, "आत्या, या वेळी सहाच सोडले." त्या सहांचं काय, विचारलं. म्हणाली, "त्यातलं खरंच काही येत नव्हतं."

पाव गुणाचा हिशेब मी तिला पुन्हा सांगितला नाही.