गुप्तधन शोधायचंय? आधी वही काढा

आपल्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न सारखा येतोय. "दादा, ऑनलाइन मेटल डिटेक्टर मिळतोय. घेऊ का? दौलताबादकडे जाऊन बघू का?"

थेट सांगतो. दौलताबादचा किल्ला असो की वेरूळ, संरक्षित जागेत परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हा आहे. आणि स्वतःच्या शेतात नांगराला हंडा लागला, तरी तो आपोआप आपला होत नाही बरं का. 1878 चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलं तर वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

त्या कागदात काय लिहायचं असतं? काय सापडलं, कुठे सापडलं, कधी सापडलं. आपल्या वहीचे पहिले तीन रकाने कायद्यानेच आखून दिलेत.

यातला 'कुठे' सगळ्यात महत्त्वाचा. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. 1974 मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. सगळं मिळून साठ किलोंच्या वर! पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं, वस्तीचे एकाखाली एक थर मिळाले. पण या चार वस्तू नेमक्या कोणत्या थरातल्या? काही अभ्यासक म्हणतात, उत्तर हडप्पाकालीन. काही जण धातूतल्या आर्सेनिकवरून म्हणतात, खूप नंतरच्या. वाद अजून मिटलेला नाही. यात त्या शेतकऱ्याचा काहीच दोष नाही. पण वस्तू जमिनीतून एकदा वर आली, की तिच्या भोवतीची माती परत तशी लावता येत नाही. मग उरतं ते फक्त लिहिलेलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की छंद करायचाच तर वहीचा करा. शेतात, नदीकाठी काही दिसलं तर उचलू नका, घासूनपुसून चकचकीत तर अजिबात करू नका. बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा. तारीख, गाव, गट नंबर, मोबाईलवरचं लोकेशन लिहा. माती काळी की मुरमाड, नुकतीच नांगरट झालीय का, पाऊस पडून गेलाय का, तेही लिहा. ही वही पुढे पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठाला दाखवता येते.

दुसरं, माहिती कुठून आली ते वेगळं ठेवा. 'पाहिलं', 'वाचलं', 'ऐकलं' असे तीन रंग वापरा. "वाड्याखाली सात रांजण आहेत" हे आजोबांनी सांगितलं असेल, तर ते 'ऐकलं'मध्ये. तिथून ते पुराव्याशिवाय हलवायचं नाही.

तिसरं, जुन्या नावांचं एक पान करा. आपलंच शहर घ्या. मलिक अंबरच्या काळात खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. आणि इथल्या टांकसाळीच्या मुघल नाण्यांवर नाव येतं 'खुजिस्ता बुनियाद'! हे माहीत नसेल, तर कॅटलॉगमध्ये आपल्याच शहराचं नाणं समोर असून ओळखता येणार नाही.

आणि हो, गुप्तधन काढून देतो म्हणणारा कुणी भेटला, पूजा-बळीची भाषा बोलला, तर सरळ पोलीस. अशा अघोरी प्रकारांवर महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे.

तर या रविवारी डिटेक्टरचे पैसे वाचवा. एक दोनशे पानी वही घ्या, पैठणला जा, तिथलं बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालय बघा. एका वस्तूसमोर उभं राहून पहिलं पान भरा. काय लिहिलंत ते मला नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू!